कानात कुर्रर्र करणाऱ्या समस्त आत्याबाईंना अनावृत पत्र

समस्त आत्याबाईंना,

सप्रेम नमस्कार वि. वि.

हे पत्र खरे म्हणजे आईबापांना जायला हवे. पण घरात नवे बाळ आले की त्या दोघांना झोप हवी असते, सल्ला नको असतो. शिवाय बाळाचे नाव ठेवण्याचा मान आपल्याकडे आत्याचा. भाऊ कितीही शिकलेला असू दे, भावजय कितीही मोठ्या पगाराची असू दे, पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र करायचे ते आपणच, आणि त्याच वेळी पाठीत धपाटे खायचे तेही आपणच. म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवून निवृत्त झालेली बाई. सकाळची प्रार्थना झाली की पहिले काम हजेरी. जूनमध्ये पहिलीचे दाखल, मार्चनंतर शाळा सोडल्याचे दाखले. जनरल रजिस्टरमध्ये नावे लिहिण्यात हयात गेली. भावांच्या पोरांची आत्या आहेच. तेव्हा या विषयात बोलायचा थोडा अधिकार मला आहे, असे मी धरून चालते.

अलीकडची बारशी तुम्ही पाहताच. हॉलच्या टोकाला फुग्यांची कमान, तिच्या खाली फुलांनी मढवलेला भाड्याचा पाळणा, मागे सनबोर्डावर कापलेली बाळाच्या नावाची अक्षरे आणि त्यावर सॅटिनचा पडदा. आत्याला नाव कळते आदल्या रात्री, फॅमिली ग्रुपवर, तेही इंग्रजी स्पेलिंगमध्ये. उच्चार नक्की काय करायचा हे विचारायला भावाला फोन लावावा लागतो. दुसऱ्या दिवशी बायका ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत बाळाला पाळण्याखालून पलीकडे देतात, आत्या वाकते, कानात नाव सांगते, धपाटे बसतात, घुगऱ्या वाटायला निघतात. तेवढ्यात फोटोवाला ओरडतो, “आत्या, परत एकदा वाका, फ्रेम नाही मिळाली!” मग आत्या परत वाकते. बाळाचे नाव दोनदा ठेवले जाते आणि दोन्ही वेळा ते आत्याला कालपर्यंत ठाऊक नसते.

नाव आत्याच्याच मनातले हवे असा माझा हट्ट नाही. मूल ज्याचे, निवड त्याची. माझे दुखणे असे की ते नाव आईबापांच्याही मनातले नसते. ते यादीतले असते.

पहिलीचा वर्ग हातात आला की मी पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला विचारायची, “तुझं नाव कुणी ठेवलं? आणि हेच का ठेवलं?” पोरे खुशीत सांगायची. जोतिबाच्या यात्रेत झालो म्हणून. आज्जी वारली त्याच वर्षी मी झाले म्हणून. बापूला सुनील गावसकर आवडायचा म्हणून. धोंड्याच्या महिन्यातला म्हणून धोंडिबा. एका पोरीने सांगितले होते, “आईला नर्सबाई आवडल्या, त्यांचं नाव.” नंतर नंतर उत्तर बदलत गेले. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत बहुतेक पोरे खांदे उडवून म्हणायची, “गूगलवर बघितलं.” काहींना प्रश्नच कळायचा नाही.

आईबापांना विचारले तर एकच वाक्य ऐकू येते: “आम्हाला जरा युनिक हवं होतं.” गंमत अशी की सगळ्यांना युनिक हवे असते आणि सगळे जण तीच ‘टॉप १००’ची यादी उघडतात. मग जूनमध्ये पहिलीच्या वर्गात ते युनिक एकमेकांना भेटतात. माझ्या एका हजेरीत शिवांश, रुद्रांश, देवांश, दिव्यांश, श्रेयांश आणि वेदांश असे ओळीने होते. सहा घरांनी सहा वेगळी नावे शोधली आणि घरी हाक मारताना सहाही जण अंशू झाले. वर्गात कुणी “ए अंशू” म्हटले की सहा माना वळायच्या. मुलींच्या रांगेत सान्वी, अन्वी, मन्वी, जान्वी. त्यातल्या जान्वीचे तर मला वाईटच वाटते. मूळची जान्हवी, इंग्रजीत जाऊन परत मराठीत येताना वाटेत तिचा ह पडला आणि कुणी उचललासुद्धा नाही.

लाटा पूर्वीही होत्याच. मी शाळेत होते तेव्हा बाकावर अशोक, दिलीप, सुरेश, रमेश आणि मंगल, शोभा, उषा, सुरेखा. नोकरीला लागले तेव्हा संतोष, संदीप, गणेश आणि संगीता, सुनीता, अनिता. एका वर्गात तीन संगीता असायच्या: थोरली संगीता, बारकी संगीता आणि माळावरची संगीता. कुणाला त्यात कमीपणा वाटत नसे. मग अक्षय, शुभम, ओंकार, प्रतीक आले; पूजा, प्रियांका, स्नेहल आल्या. रमेश तेंडुलकरांनी १९७३ मध्ये मुलाचे नाव ठेवले ते संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून. पुढे त्या मुलाने बॅट हातात घेतली आणि गावोगावच्या बापांनी त्याच्यावरून सचिन ठेवले. अक्षय कुमारच्या घरी २००२ मध्ये आरव झाला, बच्चनांच्या घरी २०११ मध्ये आराध्या झाली आणि पुढच्या काही वर्षांत दोघेही आमच्या हजेरीत आले. यात वाईट काही नाही. एखादा माणूस आवडला म्हणून त्याचे नाव ठेवले, ही चांगलीच गोष्ट आहे. निदान सांगायला गोष्ट तरी आहे.

वाईट आहे ते त्या याद्यांनी नावांना चिकटवलेले अर्थ. आरवपुढे बऱ्याच याद्यांत ‘शांत’ असे लिहिलेले असते. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, गलका. (माझ्या वर्गातले आरव पाहता कोश खरा होता.) रेयांशपुढे ‘सूर्याचा अंश’. रवि आणि अंश यांचा संधी रव्यंश होतो हे आठवीतला मुलगा सांगेल; हा ‘रेय’ कुठल्या आभाळातला, हे ती यादी करणाऱ्यालाच ठाऊक. नाव निरर्थक असायलाही माझी हरकत नाही. बबन, छबू, बेबी यांना कुठे मोठे अर्थ होते? पण अर्थ म्हणून थाप सांगितली जाते, ती पत्रिकेवर छापली जाते आणि पोर ती जन्मभर लोकांना सांगत फिरते. वामन शिवराम आपट्यांचा संस्कृत कोश १८९० सालचा आहे आणि आज फोनवर फुकट उघडतो. यादी जिथे पाहता तिथेच एक मिनिट कोश पाहा, एवढेच.

पत्रिकेच्या अक्षराचेही तसेच. सत्तावीस नक्षत्रे, प्रत्येकाची चार चरणे, मिळून १०८ अक्षरे. अश्विनीला चू, चे, चो, ला. रोहिणीला ओ, वा, वी, वू. इथपर्यंत ठीक. पण हस्ताच्या तिसऱ्या चरणाला येतो ण, आर्द्रेच्या तिसऱ्याला ङ आणि उत्तरा भाद्रपदेच्या चौथ्याला ञ. शोधा आता नाव! जुन्या लोकांनी यावर साधा तोडगा काढला होता. पत्रिकेतले नावरस नाव पत्रिकेत राही, ते भटजी आणि देव यांच्यापुरते. हाक मारायचे नाव घरचे लोक मनासारखे ठेवत. आता ॲपने ‘भू’ सांगितला की ‘भू’वरूनच कागदावरचे नाव हवे आणि तेही युनिक हवे. मग जे जन्माला येते ते ऐकून आजोबा कान टवकारतात.

तुम्ही म्हणाल, बाई आता ‘जुने ते सोने’चे प्रवचन लावणार. नाही. जुन्या हजेरीतली सगळी नावे सोन्याची नव्हती, हे मी स्वतःच्या हाताने लिहिले आहे. मूल जगत नसले की मागच्या पोराला दगडू, धोंडू, केरू, भिकू म्हणायचे, म्हणजे दृष्ट लागणार नाही, मरण त्याला केर समजून सोडून देईल. त्यात आईची भीती होती, ती मला समजते. (अशाच साध्या दगडाधोंड्याच्या नावाचे धोंडो केशव कर्वे पुढे १९५८ मध्ये भारतरत्न झाले.) पण मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात तर सरळ नियमच आहे: ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बळाचे, वैश्याचे धनाचे आणि शूद्राचे जुगुप्सित, म्हणजे ऐकून किळस यावी असे. नावावरून माणसाची पायरी कळली पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तो ग्रंथ जाळला, तेव्हा त्यात हेही पान होते.

आणि मग १९५६. चौदा ऑक्टोबरला नागपुरात धर्मांतर झाले आणि त्यानंतरच्या वर्षांत वस्त्यावस्त्यांतल्या पाळण्यांत सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, मिलिंद आले. सुजाता, प्रज्ञा, यशोधरा, संघमित्रा आल्या. धोंड्या-कचऱ्याच्या जागी एका पिढीत ही नावे बसली. गावातल्या गुरुजींना ती शुद्ध लिहिताना सुरुवातीला त्रास झाला असेल, पण लिहावी लागली. मराठी मुलखात नावांची एवढी मोठी उलथापालथ दुसरी झालेली मला ठाऊक नाही. ती नावेही घरोघर सारखीच होती, पण ‘हेच नाव का?’ या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक घराकडे तयार होते.

दुसरी गोष्ट आपल्याच जातीची, म्हणजे बायकांची. मुलगा हवा असताना मुलगीच झाली की तिचे नाव नकोशी, नकुसा ठेवायचे, म्हणजे पुढचा तरी मुलगा होईल. हे फार जुने नव्हे. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये अशा २८५ मुलींचे एकत्र नामकरण करावे लागले. शाळेत रोज हजेरीला ‘नकोशी’ म्हणून हाक यायची आणि ती पोर ‘हजर’ म्हणायची. हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. नवीन नाव मिळाले तेव्हा त्यातली कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली. अगदी चारचौघींसारखी नावे. युनिक तर त्या आधीही होत्याच की! त्यांना चारचौघींसारखे व्हायचे होते.

म्हणून नाव दुर्मीळ आहे की चलतीचे, याला मी फार किंमत देत नाही. परके आहे की आपले, यालाही नाही. मायरा, झारा, कियान, कबीर ऐकून नाके मुरडणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी शहाजीराजांचे नाव कुठून आले ते विचारावे. मालोजीराजांना मूल होत नव्हते, अहमदनगरच्या शाहशरीफ पिराला नवस केला, दोन मुले झाली. म्हणून एक शहाजी आणि दुसरे शरीफजी, असे परंपरा सांगते. आणि शहाजींचे पोर शिवनेरीवर जन्मले, तिथल्या शिवाईवरून त्याचे नाव शिवाजी. पिरावरून बाप आणि देवीवरून मुलगा, एकाच घरात. १६६० साली चाकणचा किल्ला शाइस्ताखानाशी झुंजवणाऱ्याचे नाव फिरंगोजी. दौलत, गुलाब, हैबत ही नावे कुठून आली? या मराठीने बाहेरचे नाव घेतले की त्याला ‘जी’ नाहीतर ‘राव’ लावून घरचे करून टाकले. तेव्हा मायराच्या घरच्यांनी मायरा हौसेने, माहीत करून घेऊन ठेवली असेल, तर माझा तिला आशीर्वाद आहे.

एक गोष्ट मात्र खटकते. बाहेरचे नाव चालते, पण घरातलेच एक नाव मोठ्या सोसायटीत चालते आणि दुसरे गावात राहते. मल्हार हे खंडोबाचे नाव. आज पुण्यामुंबईत हौसेने मल्हार ठेवतात आणि ऐकायला गोडही वाटते. त्याच खंडोबाचा खंडू मात्र बसथांब्यावरच उभा आहे. सई परत आली, रमा परत आली, सखू आली नाही. हा भेद नावात नसतो, ते नाव आजवर कुणाकुणाला होते यात असतो. एखाद्या आत्याने धीर करून खंडेराव ठेवला तर मला तिला भेटायला आवडेल.

कारण खरी दुर्मीळ नावे यादीत नाहीतच; ती आपल्या घरात आहेत. आई-आजीला घेऊन एक दुपार बसा आणि विचारा, तुझ्या आईचे नाव काय, सासूचे काय, पणजीचे माहेरचे काय. माहेरचे वेगळे विचारा, कारण आपल्याकडे बायकांचे नाव दोनदा ठेवले जायचे. लग्नात ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने त्यात नवरा नाव लिहायचा आणि माहेरची पोर तिथेच पुसली जायची. परदेशात जाऊन डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरी यमुना होत्या. रमाबाई रानडेही माहेरच्या यमुनाच. टिळकांच्या सत्यभामाबाई माहेरी तापी. अशा किती तापी आणि किती यमुना आपल्या घराघरांत असतील, त्यांची आठवण आज कुठल्याच कागदावर नाही. एखाद्या पणजीचे हरवलेले नाव पणतीला मिळाले तर त्याहून युनिक काय असणार?

घरात नाही मिळाले तर दाराबाहेर पाहा. नद्या घ्या: पूर्णा, प्रवरा, नीरा, इंद्रायणी. चारही नावे कानाला आजची वाटतात आणि मुलीला शाळेत गेल्यावर स्वतःचे नाव नकाशात सापडते. नकाशात आपले नाव सापडलेल्या मुलीचा चेहरा मी पाहिला आहे; भूगोलाचा तास त्या दिवशी तिनेच घेतला. संतांची मांदियाळी घ्या: चोखोबांची बायको सोयरा, बहीण निर्मळा. सोयरा हे नाव मी साऱ्या नोकरीत एकदाही हजेरीत वाचले नाही, याचे मला अजून नवल वाटते. फुले घ्या: अबोली, बकुळ, शेवंती, केतकी. गोव्याकडची माणसे कुलदेवावरून मंगेश, नागेश, रामनाथ, शांता ठेवत आली. नाव सांगितले की गाव कळते. यातले काही मी तुमच्या गळ्यात मारत नाही. फक्त यादी उघडण्याआधी इकडे एकदा पाहा.

आता माझी कसोटी सांगते, ती अगदी अडाणी आहे. नाव ठरले की ते तीन तऱ्हेने मोठ्याने म्हणून पाहायचे. पहिली, दिवेलागणीला पोर खेळायला गेले आहे आणि तुम्ही दारातून हाक मारता आहात. लांब हाकेत नाव टिकते का? दुसरी, मास्तर चिडून आडनावासकट पुकारतो आहे. आणि तिसरी सगळ्यात महत्त्वाची: मित्र त्याला ‘या’ लावणार. गणेशचा गण्या झाला, संजयचा संज्या झाला, सुरेशचा सुऱ्या झाला. मराठी पोरे कुणालाही सोडत नाहीत. विहान्या म्हणून बघा, आरव्या म्हणून बघा, आणि मग रेयांश्या म्हणून बघा. जे नाव या तिन्हीतून तगते ते जन्मभर तगते.

हाकेच्या नावाला तर आपण फारच कमी लेखतो. सासऱ्याचे नाव सुनेने तोंडाने घ्यायचे नाही आणि नातवाला तर आजोबांचेच नाव ठेवलेले, मग सून पोराला काय म्हणणार? बाळ, अप्पा, तात्या, सोन्या, बंड्या. आपल्याकडे लाडाच्या नावांची एवढी चंगळ झाली त्याला हेही एक कारण. टिळकांचे पाळण्यातले नाव केशव. घरात बाळ म्हणत आणि तेच बाळ पुढे गंगाधर टिळकांच्या आधी कायमचे बसले. तेव्हा आत्याबाई, कागदावरचे नाव भावाने ठरवले असेल तर ठरवू दे. हाकेचे नाव अजून तुमच्या हातात आहे. ते कुठल्याही ॲपवर मिळत नाही आणि त्याला कुणाची परवानगीही लागत नाही.

शेवटी कागदाचे. हा भाग रुक्ष आहे, पण इथेच पोरे सगळ्यात जास्त अडकतात. जन्माची माहिती २१ दिवसांत निबंधकाकडे द्यावी लागते, गावात बहुधा ग्रामपंचायतीत. पण त्याच वेळी नावही द्यायलाच हवे, असे नाही. नावाशिवाय जन्म नोंदवता येतो. नोंदणीपासून १२ महिन्यांत नाव विनाशुल्क टाकता येते, त्यानंतर शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. म्हणजे दवाखान्यातून घरी निघण्याच्या गडबडीत कुणी फॉर्म पुढे करून “नाव सांगा पटकन” म्हणाले, तर घाबरून यादीतले पहिले नाव सांगू नका. बारसे होऊ द्या, आजीबरोबरची ती दुपार होऊ द्या.

मात्र एकदा टाकले की ते दगडावरची रेघ समजा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्माच्या पुराव्याला जन्मदाखलाच लागतो. आमच्या काळी पालकाला तारीख ठाऊक नसली की गुरुजी १ जून टाकून मोकळे व्हायचे. महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेले इतके लोक का आहेत, ते त्यामुळे. तसली मोकळीक आता नाही. महाराष्ट्रात २०२४ पासून सरकारी कागदावर नावाचा क्रमही बदलला आहे: आधी बाळाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे, मग आडनाव. हा बदल मला मनापासून आवडला. पण त्यामुळे आईचे नाव कुठे माहेरचे, कुठे सासरचे, कुठे बाई लावून, कुठे न लावता असे असेल, तर तो घोळ आता पोराच्याही कागदावर उतरणार.

स्पेलिंगचे तर विचारू नका. अंकशास्त्रवाल्याने सांगितले म्हणून जन्मदाखल्यात एक ‘ए’ जास्त, आधारवाल्याने तो घातला नाही, शाळेने आधार पाहून लिहिले. मग ‘अपार’ आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक, काढायची वेळ आली की यू-डायस या शाळांच्या सरकारी नोंदीतले नाव आधारशी जुळत नाही, पोर्टल लाल अक्षरे दाखवते आणि मास्तर शिकवायचे सोडून पालकांना फोन करत बसतो. मोठेपणी नाव सुधारायचे तर राजपत्रात जाहिरात, प्रतिज्ञापत्र, फी आणि चार खेटे. एका जादा अक्षरासाठी! तीच गत मराठी अक्षरांची. ळ इंग्रजीत नाही, म्हणून मंजुळाची मंजुला होऊन परत येते. हृषीकेशचा ऋषिकेश होतो आणि त्याच्या आईलाही पत्ता लागत नाही. ज्ञानदाचे स्पेलिंग आपण एक करतो, हिंदीवाला दुसरे. असले नाव ठेवू नका, असे मी म्हणत नाही. ठेवलेत तर दोन्ही लिप्यांतले अक्षर अन् अक्षर एका चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठीच खिडकीत द्या. तोंडी सांगू नका.

तर तुमच्याकडे मागणे एवढेच. भावजय सातव्या महिन्यात असतानाच भावाला विचारायला सुरुवात करा, बारशाच्या आदल्या रात्रीची वाट पाहू नका. आजीची दुपार तुम्ही जमवून आणा, कारण भाऊ ती जमवणार नाही हे तुम्हाला आणि मला ठाऊक आहे. आणि नाव ठरले की ते का ठेवले, हे चार ओळींत लिहून बाळाच्या फाइलीत, लसीच्या कार्डाशेजारी ठेवा. पहिलीत बाई विचारतीलच.

आणि एवढे करूनही त्यांनी रेयांशच ठरवला असेल तर? भांडू नका. तेच नाव बाळाच्या कानात प्रेमाने सांगा आणि हाकेचे एक नाव स्वतःचे ठेवा. जन्मदाखल्याची पहिली प्रत हातात आली की मात्र चष्मा लावून खिडकीपाशीच उभे राहून वाचा: बाळाचे नाव, आईचे, वडिलांचे, आडनाव, मराठीत आणि इंग्रजीत. चूक निघाली तर तिथल्या तिथे सांगा; मागची रांग कितीही कुरकुरली तरी जागा सोडू नका.

कळावे, लोभ असावा.

तुमच्यातलीच एक आत्या